लाकडी कुंपणाला लागून भाजीचा उंच वाफा: कुंपणाला चौथी भिंत समजू नका

प्रश्न थोडक्यात असा आहे: न्यू जर्सीत एडिसनच्या बाजूला घर घेतलंय, मागच्या अंगणाला सहा फुटी लाकडी कुंपण आहे. त्या कुंपणालाच तीन बाजूंनी फळ्या ठोकून मेथी, कोथिंबीर, भेंडी, दोडक्यासाठी बारा फूट लांबीचा उंच वाफा, म्हणजे रेज्ड बेड, करायचा आहे. मागची बाजू कुंपणाचीच धरली तर फळ्यांचे पैसे वाचतात आणि जागाही वाचते. चालेल का?

चालणार नाही. वाफा त्याच जागी जरूर करा, पण त्याला स्वतःची चौथी भिंत द्या आणि ती भिंत आणि कुंपण यांच्यामध्ये मोकळी जागा सोडा. मी मध्य न्यू जर्सीत कुंपणं आणि डेक बांधायचं काम करतो. कुंपण दुरुस्तीला बोलावतात तेव्हा खराब झालेल्या भागाच्या पायथ्याशी फुलझाडांची किंवा भाजीची माती टेकवलेली हमखास सापडते, इतकी की अंगणात शिरल्यावर माझी नजर आधी तिकडेच जाते. कुंपण वारा आणि नजर अडवायला बांधलेलं असतं, माती अडवायला नाही. पुढे जे लिहितोय ते सगळं या एका गोष्टीवरून ठरतं.

आधी वजनाचं बघू. इकडच्या नेहमीच्या सहा फुटी कुंपणाची उभी फळी जेमतेम ५/८ इंच, म्हणजे १६ मिलिमीटर जाड असते. खांब आठ-आठ फुटांवर आणि दोन खांबांच्या मध्ये दोन किंवा तीन आडव्या पट्ट्या. सगळ्यात खालची पट्टी जमिनीला टेकलेली नसते, काही इंच वर असते, त्यामुळे तिच्या खालचं फळीचं टोक नुसतं लोंबत असतं. माती रेटा देणार तो नेमका तिथेच. ओल्या मातीचं वजन घनफुटाला ४५ किलोच्या पुढेमागे धरा. बारा फूट लांब, अडीच फूट रुंद आणि सव्वा फुटाच्या आत खोली असलेल्या वाफ्यात चांगला पाऊस झाला की दीड टनाच्या आसपास भार होतो. त्यातला बहुतेक खाली जमिनीवर जातो हे खरं, पण बाजूला ढकलणारा रेटाही बारा फुटांत मिळून दीडशे ते दोनशे किलोंपर्यंत जातो, आणि तो रात्रंदिवस असतो. हिवाळ्यात माती गोठून फुगते तेव्हा त्यात भर पडते. शिवाय उंची दुप्पट केली की हा रेटा चौपट होतो. "अजून थोडा उंच करू, वाकायला नको" असं घरात ठरतं तेव्हा हा हिशेब कुणी केलेला नसतो.

कुंपण वाकलं तर निदान दिसतं तरी. कुजणं दिसत नाही. लाकूड कुजवणारी बुरशी वाढायला लाकडातला ओलावा साधारण ३० टक्क्यांच्या आसपास जावा लागतो. मोकळ्या हवेतली फळी पावसात भिजते, वाऱ्याने वाळते, आणि ओलावा २० टक्क्यांच्या खाली आला की बुरशीचं काही चालत नाही. मातीला टेकलेली फळी वाळतच नाही. त्यात आपण भाजीला उन्हाळाभर पाणी घालणार, खत घालणार. बुरशीला याहून चांगली सोय दुसरी नाही. "आमचं कुंपण सीडरचं आहे, त्याला काही होत नाही" असं बरेच जण सांगतात. सीडरच्या गाभ्याच्या तांबूस लाकडाला स्वतःचं संरक्षण असतं, बाहेरच्या फिकट लाकडाला नसतं, आणि स्वस्तातल्या फळ्यांत फिकट भाग भरपूर असतो. ट्रीट केलेल्या, म्हणजे कुजू नये म्हणून औषध मुरवलेल्या पाइनचं कुंपण असेल तर खांब जमिनीत पुरायच्या दर्जाचे असतात, पण उभ्या फळ्या बऱ्याचदा जमिनीच्या वर वापरण्यापुरत्याच ट्रीट केलेल्या असतात.

अशा एका वाफ्यामागचं कुंपण आम्ही उघडलं तेव्हा काय दिसलं ते सांगतो. शेजाऱ्यांच्या बाजूने फळ्या करड्या, सरळ, अगदी धडधाकट. वाफ्याच्या बाजूने माती उकरली तर जिथपर्यंत माती होती तिथपर्यंत लाकूड गडद तपकिरी झालेलं, उभ्या-आडव्या भेगा पडून त्याचे छोटे चौकोनी तुकडे झालेले, आणि तुकडा बोटांत धरून दाबला की त्याची पूड. गाठींच्या भोकांतून टोमॅटोची मुळं पलीकडे निघालेली. खिळ्यांची डोकी गंजून गळून गेलेली. आणि एका खांबाच्या मागून पेन्सिलीएवढ्या जाडीची मातीची नळी वर चढत गेलेली. ही वाळवी. न्यू जर्सीत जमिनीखालची वाळवी सर्रास आहे, तिला लाकडापर्यंत पोचायला आडोसा लागतो, आणि कुंपणाला टेकलेली माती तो आयता देते. तिथून घराच्या लाकडापर्यंतचं अंतर फार नसतं, कारण कुंपण शेवटी घराच्या कोपऱ्यालाच येऊन मिळतं.

आता तुमच्या जागेकडे वळू. फळ्या आणायच्या आधी चार गोष्टी बघाव्या लागतील.

पहिली, कुंपण कुणाचं आहे. घर घेताना मिळालेला सर्व्हेचा नकाशा काढा. कुंपण हद्दीच्या आत असेल तर तुमचं, पलीकडे असेल तर शेजाऱ्यांचं, आणि मग त्याला एक स्क्रूसुद्धा लावायचा नाही. इथल्या बऱ्याच गावांत कुंपणाची चांगली बाजू शेजाऱ्याकडे ठेवायचा नियम असतो, त्यामुळे आडव्या पट्ट्या आणि खांब तुमच्या बाजूला दिसत असतील तर कुंपण बहुधा तुमचं. पण खात्री नकाशानेच होते. एचओए, म्हणजे वसाहतीची घरमालकांची संघटना असेल तर वाफ्याच्या उंचीबद्दल आणि जागेबद्दल त्यांचे नियम आधी विचारून घ्या.

दुसरी गोष्ट पाण्याच्या वाटेची, आणि ही लोक विसरतात. इकडच्या वसाहतींत मागच्या कुंपणाच्या कडेने पावसाचं पाणी वाहून जायला एक उथळ, गवताळ पन्हळ मुद्दाम ठेवलेली असते. नकाशावर ड्रेनेज ईझमेंट अशी नोंद असते. जोराच्या पावसात छत्री घेऊन बाहेर जा आणि पाणी कुठून कुठे वाहतं ते बघा. त्या वाटेवर वाफा आडवा घातला तर पाणी शेजाऱ्यांच्या किंवा तुमच्याच तळघरात जाईल. अशी पन्हळ असेल तर वाफा तिच्या अलीकडे सरकवा, तिथे तडजोड नाही.

तिसरी, खांबांची तब्येत. लाकडी खांब कुजतो तो जमिनीच्या पातळीला, कारण तिथे ओल आणि हवा दोन्ही मिळतात. खूप खाली हवा नसते, वर ओल टिकत नाही. एक जाड स्क्रू-ड्रायव्हर घ्या, खांबाच्या बुंध्याजवळची माती दोन इंच बाजूला करा आणि टोक तिरकं दाबा. धडधाकट लाकडात ते जेमतेम ठसा उमटवतं. कुजलेल्या लाकडात अर्धा इंच आरामात शिरतं आणि आवाजच येत नाही. खांब हातांनी हलवूनही बघा. वाफा होणार त्या भागातला एखादा खांब असा मऊ लागला तर आधी तो बदला, कारण नंतर तिथे काँक्रीट फोडायला आणि नवीन खड्डा घ्यायला जागाच उरणार नाही. कुंपणाला स्टेन किंवा ऑइल लावायचं राहिलं असेल तर तेही याच वेळी उरकून घ्या.

चौथी, ८११ला फोन, म्हणजे जमिनीखालच्या तारा आणि नळ्या कुठे आहेत ते दाखवणाऱ्या सेवेला. तो फुकट असतो. न्यू जर्सीत खोदायच्या आधी किमान तीन कामकाजाचे दिवस कळवावं लागतं, मग माणसं येऊन जमिनीवर रंगाच्या खुणा करून जातात. पिवळा म्हणजे गॅस, लाल म्हणजे वीज, निळा म्हणजे पाणी, नारिंगी म्हणजे फोन आणि केबल. "मी तर वाफा जमिनीच्या वर करतोय" असं म्हणू नका. वेलांच्या मांडवासाठी खांब ठोकावे लागतील, आणि केबलची तार पुष्कळ ठिकाणी फावड्याच्या एका घावाइतकीच खोल असते. मात्र तुमच्या स्वतःच्या स्प्रिंकलरच्या नळ्या किंवा शेडकडे नेलेली तार ते दाखवत नाहीत, ती तुमची तुम्हाला शोधावी लागते.

यात जुन्या कुंपणाचा आणखी एक मुद्दा आहे. तांबं, क्रोमियम आणि आर्सेनिक घातलेलं लाकूड अमेरिकेत घरगुती वापरासाठी २००३च्या अखेरपर्यंत तयार होत होतं. कुंपण त्या काळातलं किंवा त्याआधीचं असेल आणि सीडरचं नसेल, तर त्याच्या बुंध्याजवळच्या मातीत थोडं आर्सेनिक उतरलेलं असू शकतं. लाकूड नुसतं बघून हे कळत नाही, जुनं झालं की सगळंच करडं दिसतं. तसंच १९७८च्या आधीचा रंग असलेलं कुंपण किंवा गॅरेजची भिंत शेजारी असेल तर मातीत शिसं असण्याची शक्यता धरायची. रटगर्स विद्यापीठाची माती तपासणी प्रयोगशाळा आहे, तिथे नमुना पाठवून शिसं तपासून घ्या. मुलं अंगणात खेळत असतील तर हे टाळू नका. असं जुनं लाकूड जाळायचं नाही आणि त्याचा भुसा वाफ्यात टाकायचा नाही.

ऊन कसं येतं ते बघितल्याशिवाय काय लावायचं ते ठरवू नका. आपण साधारण साडेचाळीस अंश उत्तर अक्षांशावर आहोत. सहा फुटी कुंपणाची दुपारची सावली जूनच्या अखेरीस दोन फुटांच्या आतच असते, पण मार्चमध्ये आणि सप्टेंबरमध्ये ती पाच फुटांवर जाते आणि डिसेंबरमध्ये बारा फुटांवर. म्हणजे कुंपण वाफ्याच्या उत्तरेला असेल, तर वाफ्यावर दिवसभर ऊन, वर कुंपणावरून परतणारी ऊबही. भेंडी, वांगी, मिरची, दोडका यांना ही जागा उत्तम. तिथे मेथी-कोथिंबीर मात्र जूननंतर टिकणार नाही, लगेच फुलावर येते. उलट, कुंपण दक्षिणेला असेल, तर एप्रिलमध्ये अडीच फुटी वाफ्याचा बराचसा भाग सावलीत राहील. तिथे पालेभाज्या करा, आणि अळू करा. अळूला ओल आवडते, थोडी सावली चालते, आणि पहिल्या कडक थंडीच्या आधी त्याचे कंद काढून तळघरात ठेवले की पुढच्या वर्षी परत लावता येतात. कुंपण पूर्वेला किंवा पश्चिमेला असेल तर अर्ध्या दिवसाचं ऊन मिळतं. पश्चिमेचं कुंपण जुलैमधलं तिसऱ्या प्रहराचं ऊन अडवतं, ते पालेभाजीला चांगलंच आहे.

आता मोकळी जागा किती सोडायची. सहा इंच ही माझ्या मते अगदी खालची मर्यादा. त्यात हवा खेळते, कुंपण वाळतं, आणि लांब दांड्याचा ब्रश आत जातो. जागा असेल तर पूर्ण दीड फूट सोडा, म्हणजे माणूस अंग तिरपं करून आत जाऊ शकतो, कुंपणाला रंग लावू शकतो आणि वेलीवरचे मागच्या बाजूचे दोडकेही काढू शकतो. दोन-तीन इंच सोडणं मात्र वाईट, कारण तेवढ्या फटीत पानं पडून राहतात, त्यांची ओली गादी होते आणि माती टेकवल्यासारखाच परिणाम होतो. सोडलेल्या जागेत तण येऊ नये म्हणून जाड विणलेलं लँडस्केप कापड अंथरून वर दोन इंच खडी टाका. लाकडाचे तुकडे, म्हणजे मल्च, तिथे नको. ते ओल धरतात. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये तिथली पानं काढून टाकायचीच. इथे हरणांमुळे गोचिड्या भरपूर आहेत, पानांच्या ओल्या थरात त्या दडून बसतात आणि त्यांच्यापासून लाइम हा आजार होतो, हे इथे राहणाऱ्यांना वेगळं सांगायला नको.

मोकळी जागा सोडली की वाफ्याची रुंदी आपोआप ठरते. एकाच बाजूने हात घालायचा आहे, तेव्हा अडीच फूट पुरे. चार फुटी वाफा दोन्ही बाजूंनी पोचता येतं तिथेच करावा. अडीचपेक्षा रुंद केलात तर मागच्या ओळीतलं तण काढायला वाफ्यात पाय ठेवावा लागेल, आणि पाय पडला की माती दबलीच.

लाकडाबद्दल दोन मतं आहेत, माझं सांगतो. सीडर सुंदर दिसतं, महाग पडतं, आणि दोन इंची फळी असेल तर बरीच वर्षं जाते. आजच्या ट्रीट केलेल्या लाकडात आर्सेनिक नाही, मुख्यतः तांब्याची संयुगं असतात. मी वाफ्याला ते वापरतो, पण दोन गोष्टी बघून. फळीच्या टोकाला चिकटवलेल्या छोट्या पट्टीवर ग्राउंड कॉन्टॅक्ट, म्हणजे जमिनीला टेकून वापरायचं, असं लिहिलेलं हवं, आणि कापलेल्या टोकांना तांब्याचं द्रावण ब्रशने लावून घ्यायचं, कारण आतपर्यंत औषध पोचलेलं नसतं. मनाला शंका वाटत असेल तर आतल्या बाजूंना जाड प्लॅस्टिक स्टेपल करा. तळाला मात्र कधीही नाही. रेल्वेचे जुने स्लीपर कुणी फुकट देतो म्हणाला तरी घेऊ नका, त्यात क्रिओसोट हे डांबरासारखं विषारी औषध असतं आणि ते भाजीजवळ नकोच. साधं पाइन स्वस्त पडतं पण तीन-चार उन्हाळ्यांत मऊ होतं. पत्र्याचे तयार वाफेही मिळतात, तेही चांगले. मागची मोकळी जागा त्यांनाही सोडायचीच.

बारा फूट बाय अडीच फुटांच्या वाफ्याला माझा हिशेब असा. टू बाय एटच्या (नावाला दोन इंच जाड, आठ इंच रुंद) बारा फुटी पाच फळ्या आणि फोर बाय फोरचा (नावाला चार इंच बाय चार इंच) दहा फुटी एक खांब. टू बाय एटची प्रत्यक्षातली रुंदी सव्वासात इंच भरते, तेव्हा दोन फळ्या एकावर एक ठेवल्या की साडेचौदा इंच उंची मिळते. पालेभाज्या, भेंडी, टोमॅटो सगळ्याला ती पुरते, कारण तळ उघडा असतो आणि मुळं खालच्या जमिनीतही जातात. पुढे दोन, मागे दोन, आणि पाचवी कापून दोन्ही टोकांना. खांबाचे साडेचौदा इंची आठ तुकडे करा: चार कोपऱ्यांना आतून, आणि लांब बाजूंना चार-चार फुटांवर दोन-दोन. फळीच्या कापलेल्या टोकात स्क्रू धरत नाही, लाकडाचे धागे तिथे उघडे असतात. म्हणून दोन फळ्या एकमेकींना थेट न ठोकता दोन्ही खांबाच्या तुकड्याला ठोकायच्या. स्क्रू तीन इंची, बाहेरच्या कामाचे, ट्रीट केलेल्या लाकडाला चालतील असे. साधे स्क्रू तांब्यामुळे लवकर गंजतात. आधी बारीक भोक पाडून घ्या, म्हणजे टोकाला फळी चिरत नाही.

लांब फळ्या मध्ये फुगू नयेत म्हणून समोरासमोरच्या मधल्या खांबांना जोडणारा टू बाय फोरचा तुकडा वरच्या कडेच्या दोन इंच खाली आडवा टाका. तो मातीत झाकला जातो आणि हातांच्या आड येत नाही. हे दोन आडवे तुकडे टाकायचा कंटाळा केलात तर दुसऱ्या वसंतात पुढची फळी पोट काढून उभी दिसेल.

जागेवरचं गवत आधी बुटकं कापून घ्या. जमीन उताराची असेल तर वरच्या बाजूची माती खणून सांगाडा पातळीत बसवा. खालच्या बाजूला दगड किंवा विटांचे टेकू देऊन नाही. पायाची गरज नाही. इथे जमीन तीन फुटांच्या आसपास गोठते या हिशेबाने डेकचे पाये घेतात, पण वाफा मोकळा असल्यामुळे थंडीत थोडा वर आणि मग परत खाली, असा सगळा एकत्र हलतो. कुंपणाला बांधलेला असता तर हेच हलणं कुंपणाला उचकटत राहिलं असतं. चौथी भिंत वेगळी ठेवायचं हेही एक कारण आहे. सांगाडा बसला की तळाला अर्ध्या इंची भोकांची जाळी अंथरून कडांना स्टेपल करा. इथल्या ग्राउंडहॉगला, म्हणजे बिळात राहणाऱ्या खारीच्या कुळातल्या जाडजूड प्राण्याला, कुंपणाखालून बीळ काढायला वेळ लागत नाही, आणि थेट वाफ्यात वर येण्याची त्याला हौस असते. जाळीवर साध्या पुठ्ठ्याचा एक थर, चिकटपट्ट्या काढून, पाण्याने भिजवून. त्याखाली गवत मरतं आणि पुढच्या हंगामापर्यंत पुठ्ठा मातीत मिसळून जातो.

माती सव्वा क्युबिक यार्डच्या (एक यार्ड म्हणजे २७ घनफूट) आसपास लागेल, मी दीड मागवतो, कारण पहिल्या वर्षी ती दोन इंच तरी खाली बसते. पोत्यांपेक्षा ट्रकने मागवणं स्वस्त पडतं. दोन भाग चाळलेली वरची माती आणि एक भाग पूर्ण मुरलेलं कंपोस्ट हे प्रमाण पुरेसं आहे. नुसतं कंपोस्ट भरू नका, ते बसत जातं आणि त्यात फॉस्फरस जास्त होतो. घोड्यांच्या तबेल्यातलं खत कुणी देत असेल तर आधी एक चाचणी करा, कारण काही गवतांवर मारलेलं तणनाशक जनावराच्या पोटातून आणि कंपोस्टच्या ढिगातूनही टिकून राहतं. कुंडीत ते खत मातीत मिसळून घेवड्याचे चार दाणे लावा. दोन-तीन आठवड्यांत पानं वेडीवाकडी, गुंडाळलेली आली तर ते खत वाफ्यात नको. मातीची वरची पातळी कडेच्या इंचभर खाली ठेवा, म्हणजे पाणी मागे सांडून कुंपणाकडे जात नाही.

वेलांचा मांडव हाही कुंपणापासून वेगळाच हवा. कुंपणावर जाळी ठोकून दोडका चढवायचा मोह होतो, पण सप्टेंबरमधली पावसाने भिजलेली वेल आणि तिला लटकणारे दुधी यांचं वजन तुम्ही कुंपणावर टाकता, आणि पानांची भिंत उभी केल्यावर कुंपण वाळणं बंद होतं. वादळी वाऱ्यात तर अख्खं कुंपण शिडासारखं ताण घेतं. मी वाफ्याच्या आत, मागच्या फळीला लागून लोखंडी टी-पोस्ट, म्हणजे टी आकाराचे खांब, ठोकतो. सात फुटी पोस्ट दोन फूट खाली गेला की भक्कम बसतो. बारा फुटांना चार पुरतात, फक्त तळाची जाळी त्या जागी आधी कापून ठेवायची. त्यांना गुरांच्या कुंपणाची जाड तारेची जाळी बांधतो, तिच्या मोठ्या चौकोनांतून हात आरपार जातो. जाळीपलीकडे गेलेले शेंडे आठवड्यातून एकदा अलीकडे वळवायचे, एवढीच मेहनत.

पाणी ठिबकने द्या. स्प्रिंकलरचा फवारा कुंपणावर रोज उडाला तर मागे सोडलेल्या जागेचा उपयोगच उरत नाही. अर्ध्या इंची नळी आणि तिला फुटाफुटावर ड्रिपर असलेल्या दोन ओळी या रुंदीला पुरतात. आठवड्याला इंचभर पाणी म्हणजे या वाफ्याला सुमारे सत्तर लिटर. जुलै-ऑगस्टमध्ये त्याहून जास्त लागेल. वाऱ्याच्या आडोशाला कुंपण असल्यामुळे मागच्या ओळीवर पाऊस कमी पडतो, हे पाऊस झाल्यावर बोट मातीत घालून तपासा. वर ओलं आणि दोन इंचांवर कोरडं असं बरेचदा सापडतं.

लागवडीबद्दल थोडंच, कारण तुमचा प्रश्न बांधकामाचा आहे. मेथी, कोथिंबीर, पालक एप्रिलमध्ये आणि परत ऑगस्टच्या अखेरीस पेरा. दोडका, कारलं, पडवळ, दुधी एप्रिलच्या मध्याला घरात कपांमध्ये रुजवून मेच्या अखेरीस, माती ६५ अंश फॅरनहाइटच्या वर गेली की बाहेर लावा. भेंडी त्याच सुमारास थेट जागेवर. वालाचं बी गावाहून आणलं असेल तर एक लक्षात ठेवा: आपल्याकडचे बहुतेक वाल दिवस लहान व्हायला लागल्याशिवाय फुलत नाहीत. इथे ते सप्टेंबरमध्ये फुलावर येतात आणि शेंगा भरेपर्यंत ऑक्टोबरच्या उत्तरार्धातली थंडी येऊन ठेपते. इथे लवकर फुलणारं वाण घ्या. कढीपत्ता कुंडीतच ठेवा, त्याला हिवाळ्यात घरात घ्यावं लागतं. तोंडलीचंही तसंच.

आणि जागा खरोखरच इतकी अरुंद असेल की सहा इंचही सोडता येत नाहीत, तर वाफ्याची रुंदी कमी करा. दोन फुटांचा, अगदी दीड फुटाचा वाफाही मिरची-कोथिंबिरीला छान चालतो. तेही जमत नसेल तर पायांवर उभ्या असलेल्या लाकडी पेट्या किंवा मोठ्या कापडी कुंड्या कुंपणासमोर ठेवा, त्या हव्या तेव्हा हलवता येतात. कुंपणाला आतून प्लॅस्टिक लावून त्यावर माती टाकायचा सल्ला ऐकायला मिळतो, तो मी देणार नाही. स्टेपलच्या भोकांतून पाणी आत जातं, प्लॅस्टिकमागे अडकतं, आणि लाकूड उघडं असतं त्याहून लवकर कुजतं; शिवाय मातीचा रेटा होता तसाच राहतो.

तुमचं कुंपण कोणत्या दिशेला आहे ते लिहिलेलं नाही. दिशा, कुंपणाचं अंदाजे वय आणि पावसात पाणी कुठून वाहतं हे कळवलंत, आणि खांबाच्या बुंध्याचा एखादा फोटो दिलात, तर नेमकं अंतर आणि उंची सांगता येईल. तोवर ८११ला फोन आणि मातीचा नमुना ही दोन कामं करून ठेवा. वसंतात सगळ्यांची गर्दी एकदम होते आणि तपासणीचा निकाल यायला वेळ लागतो.